लोखंड लागलेला दगड

त्यानं माझ्या मायच्या दगडावर बूट ठेवला अन् लेस बांधली.

ठेकेदार होता तो. आमच्या गावच्या नगरपंचायतीनं स्मशानभूमीचं सौंदर्यीकरण काढलं होतं, त्याचा ठेका त्याले मिळाला होता. मुख्याधिकारी साहेब पाहणीले येणार म्हणून आम्ही सफाईच्या बाया सकाळपासून खराटे मारून राहिलो होतो. जमीन ओली होती, चिखल होता. मी तिथंच उभी होती. हात लांब केला असता तं त्याच्या पायाले लागला असता, एवढी जवळ. त्यानं एका बुटाची लेस बांधली. मग दुसरा पाय ठेवला, त्याची बांधली. मग तळव्याचा चिखल दगडाच्या धारेवर घासून काढला. दारच्या पायरीवर घासते माणूस, तसा.

मी खाली बसली अन् पदरानं तो चिखल पुसायले लागली.

तो हसला. सुपरवायझरले म्हणाला, "अरे, ये तो हटाने वाला पत्थर है. इसको काहे पोंछ रही है?"

सुपरवायझरही हसला. "गोंडीन है साब. इनका ऐसाच रहता."

मी पुसत राहिली. राग आला असेल म्हणाल तं राग नाही आला तेव्हा. मले लाज वाटली. हे लोक पाहून राहिले अन् मी चिखलात बसून दगड पुसून राहिली, याची लाज. आता ते आठवलं की डोकं तापते माझं. बूट ठेवणाऱ्याले लाज नाही, अन् पुसणारीले लाज. हे कोणी शिकवलं मले? कोणत्या शाळेत?

दगडाचं सांगते आधी, म्हणजे तुम्हाले कळेल.

माझी माय दरेकशाकडची. डोंगर, जंगल, नाला, लहानसं रेल्वे स्टेशन. लग्न होऊन ती या गावात आली. हे गाव ना धड शहर ना धड खेडं. आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. बोर्ड बदलला, नाल्या तशाच तुंबून राहिल्या. आम्ही गोंड. आमच्यात मेलेल्याले मातीत देतो अन् मग त्याच्यासाठी एक दगड उभा करतो. आमच्या घराची रीत अशी, की बाईचा दगड तिच्या माहेरच्या नाल्यातून आणायचा. पाण्यानं घडवला असेल तसाच. त्याले छिन्नी नाही लावायची, हातोडी नाही, सब्बल-पहार नाही. लोखंड लागूच द्यायचं नाही. खड्डासुद्धा लाकडाच्या खुंटीनं खणायचा. अन् नाल्यातून एकदा उचलला की त्याच्या जागी पोचेपर्यंत खाली ठेवायचा नाही.

म्हणून मी तो दगड पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसली होती. संगं फुलवंता मावशी, मायची धाकटी बहीण. मांड्या बधिर झाल्या माझ्या. टीसी आला. म्हणाला, "ये क्या है?"

मावशी म्हणाली, "माझी बहीण आहे."

त्यानं एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. "टिकट है बहन का?"

"मेलेल्याले तिकीट लागते का गा?"

डबा हसला. टीसीही हसला अन् पुढं गेला. त्या दिवशी मायचं जाणं थोडं हलकं झालं होतं.

काळपट दगड. गुडघ्याएवढा. मधून आडवी एक पांढरी शीर गेलेली. आम्ही त्याले हळद-तेल लावलं, मोहाच्या दारूची धार सोडली, मावशी त्याच्याशी गोंडीत बोलली. मेलेलं माणूस सुखी असलं तं दगड वाढते म्हणतात आमचे म्हातारे. मी दरवर्षी बोटानं मोजायची. वाढला की नाही सांगता येत नाही, पण मले वाढल्यासारखा वाटायचा.

अन् त्याच्यावर नाव नाही लिहीत आम्ही. कायले लिहायचं? नाव घरी येते. माणूस गेला की घरात जे लेकरू जन्मते त्याले ते नाव द्यायचं. माझ्या मायचं नाव सुकवारो. ती गेली त्याच वर्षी मले पोरगी झाली, ती सुकवारो. शाळेत घालायले गेली तं बाई म्हणाल्या, "हे कसलं नाव? सुवर्णा लिहू का?" मी म्हटलं, सुकवारोच लिहा. माय दगडात उभी राहते अन् तिचं नाव घरात धावते, पडते, जेवायले मागते. अशी वाटणी आहे आमची. त्या नावाले आम्ही कधी मेलेलं नाव म्हणत नाही.

आता स्मशानभूमी. एका अंगाले दहनशेड. एका अंगाले आमची मातीची जागा. तिथं आमचे दगड, दुसऱ्या समाजाचे मातीचे ओटे, लहान लेकरांच्या ढिगल्या. अन् फाटकातून शिरलं की अगदी समोर राइस मिलवाल्या शेठच्या बापाची संगमरवरी छत्री. चार खांब, वर कळस, सोनेरी अक्षरांत नाव. त्याले जाळलं दहनशेडमध्ये, राख सोडली नदीत, तरी आठ-दहा माणसांची जागा अडवून बसला आहे तो.

नोटीस लागली ती अशी: स्मशानभूमीतले अनधिकृत दगड, ओटे अन् बांधकाम काढून टाकण्यात येईल, सिमेंटचे गट्टू बसवून बगीचा करण्यात येईल.

आम्ही काही बाया-माणसं कचेरीत गेलो. मुख्याधिकारी साहेब शिकलेला, तरणा माणूस. आवाज चढवला नाही त्यानं. बसा पण म्हणाला नाही. खुर्च्या रिकाम्या होत्या.

म्हणाला, "स्मारक कशाला म्हणतात? त्याच्यावर नाव पाहिजे, तारीख पाहिजे, आमची परवानगी पाहिजे. तुमच्या दगडांवर काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही."

"मग ते स्मारक कसं? दगडच आहे तो."

मावशी म्हणाली, "साहेब, तुमच्या कपाळावर नाव लिहिलं आहे का? तरी तुम्ही साहेब आहातच ना?"

मागं कोणीतरी फिदकन हसलं. साहेबाच्या तोंडावरची माशी हलली नाही. मी विचारलं, "अन् शेठची छत्री?"

"ती अधिकृत आहे. त्याचा ठराव झालेला आहे."

ठराव कोणी मांडला ते साऱ्या गावाले माहीत. नगराध्यक्ष त्या छत्रीतल्या म्हाताऱ्याचा नातू आहे. नातवानं ठराव मांडला, बाकीच्यांनी हात वर केले, आजोबा अधिकृत झाला. आमच्या मायबापाले हात वर करणारा तिथं कोणी नव्हता.

मग साहेब गोड झाला. म्हणाला, "हे पाहा, मला तुमच्या भावनांचा आदर आहे. फाटकाजवळ आपण काळ्या ग्रॅनाईटचा मोठा फलक लावू. तुमच्या सगळ्या दिवंगतांची नावं कोरू. उलट तुमचा मानच वाढेल."

आमच्यातल्याही काहींले हे बरं वाटलं. ग्रॅनाईटवर नाव म्हणजे काय लहान गोष्ट आहे? मी त्यांले दोष नाही देत. जन्मभर ज्याले कोणी खुर्ची दिली नाही, त्याले फलक मिळून राहिला होता. मावशी मात्र म्हणाली, "साहेब, नाव मेलेल्याजवळ नाही राहत. नाव घरी राहते." साहेबानं मान हलवली अन् मोबाईल पाहायले लागला. कळलं नाही त्याले. विचारलंही नाही.

त्यानंतर एका सकाळी हजेरी झाली अन् सुपरवायझरनं माझ्या हाती सब्बल दिली.

"चल, दगड उकर. तूच काढ. तुझ्या हातानं निघाले तं तुमचे लोक बोंबलणार नाहीत."

मी म्हटलं, "भाऊ, तिथं माझ्या मायचा दगड आहे."

"मग आधी तोच काढ. बाकीचे पाहून गप बसतील."

पाहा कशी अक्कल असते यांची. आम्हाले मारायचं अन् काठीही आमचीच वापरायची.

सब्बल थंड होती. जड होती. माझ्या संगच्या बाया खाली पाहून राहिल्या होत्या. ठेक्यावरचं काम आमचं. आज आहे, उद्या नाही. माझा नवरा छत्तीसगडात कामाले जाते, चार-चार महिने येत नाही. घर माझ्या खराट्यावर चालते. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी दोन पावलं चाललीही.

मागून तो ओरडला, "ए! सुनती है क्या? जल्दी!"

ए.

त्या एका अक्षरानं मले कुठं नेऊन टाकलं, सांगते.

मी पाचवीत असेन. माय राइस मिलमध्ये जायची. त्याच शेठच्या बापाच्या मिलमध्ये. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं धान पक्क्या आंगणात पसरायचं अन् दिवसभर उन्हात पायानं फिरवत चालायचं, हे बायांचं काम. खाली तापलेलं आंगण, वर ऊन. मायच्या टाचा फाटून त्यात कोंडा भरलेला असायचा. म्हातारा शेठ सावलीत खुर्ची टाकून बसायचा अन् हाक मारायचा, "ए!" सगळ्या बाया ए. कोणती ए, ते त्याच्या बोटावरून समजून घ्यायचं.

एक दिवस माझा लहान भाऊ तापानं फणफणला होता. मी मायले बोलवायले मिलवर धावत गेली. शेठच्या समोर उभी राहून म्हटलं, "सुकवारोबाईले पाठवा जी. भाऊले ताप आहे."

तो म्हणाला, "कौन सुकवारो? यहाँ कोई सुकवारो नहीं है. भाग."

अन् माय तिथंच होती. त्याच्या डोळ्यापुढं धान फिरवून राहिली होती. माझ्या जन्माच्या आधीपासून फिरवून राहिली होती. तिनं ऐकलं. तिच्या पायाची चाल थोडी चुकली अन् पुन्हा लागली. तिनं मान वर केली नाही. मीही बोट दाखवून म्हटलं नाही की ही काय, ही सुकवारो. भेदरली होती मी. फाटकाबाहेर जाऊन बसली. पाळी सुटल्यावर माय आली, मले उठवलं, अन् वाटेत एवढंच म्हणाली, "त्याले कायले सांगायचं माझं नाव? घाण करते तो."

तर सुपरवायझर मागून "ए" म्हणाला, अन् मले मायची ती चुकलेली चाल दिसली.

मी मागं फिरली. सब्बल त्याच्या पायाजवळ ठेवली. फेकली नाही, ठेवली. म्हटलं, "मी नाही काढत."

"मग उद्यापासून कामावर येऊ नको."

"उद्यापासून काऊन? आत्तापासूनच नाही येत. अन् मले ए नको म्हणू. तुझ्या हजेरीत माझं नाव आहे. वाचता येत असेल तं वाच."

मी जाऊन मायच्या दगडाजवळ बसली. संगच्या दोन बाया आल्या अन् त्याही बसल्या. एकीनं तं जेवणाचा डबाच उघडला. त्या दिवशी कोणी दगडाले हात लावला नाही. मले वाटलं, जिंकलो. केवढी भोळी होती मी.

दुसऱ्या दिवशी पोरीले शाळेत सोडून येईपर्यंत जेसीबी आत शिरला होता. फाटक आतून बंद. आम्ही जाळीतून पाहिलं. ते यंत्र एकेक दगड दाताखाली धरून उपटून राहिलं होतं. मले मायचा कोणता तेही दिसलं नाही धुळीत. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून निघाली. कुठं नेले विचारलं तं एक म्हणाला मुरमात गेले, एक म्हणाला रोडच्या भरावात गेले. मावशी जाळी धरून उभी होती. रडली नाही. तिच्या तोंडातून एकच निघत होतं, "लोखंड लागलं. बाई, लोखंड लागलं तिले."

मग पत्र्याचं कुंपण घातलं अन् महिने गेले. मी धानाच्या रोवण्याले जायले लागली, रोजगार हमीवर माती टाकली. कचेरीच्या चकरा मारल्या. साहेब मिटिंगमध्ये. साहेब दौऱ्यावर. साहेब आता जेवून राहिले.

अन् एक दिवस आमच्या मोहल्ल्यात निरोप आला, की लोकार्पण आहे, फलकाचं अनावरण आहे, आदिवासी भगिनींनी पारंपरिक वेशात यावं अन् नृत्य करावं. मोरपिसं लावून. आमच्याजवळ मोरपिसं नाहीत म्हटलं, तं नगरपंचायतीनं मोरपिसं आणून दिली. म्हणजे आमचा वेश कसा असते तेही त्यांच्याच जवळ होतं.

मी गेली. नाचायले नाही, पाहायले. पोरीले घेऊन गेली, मावशीले घेऊन गेली. मंडप, खुर्च्या, हारतुरे. खाली लाल-पिवळे गट्टू. आमची मातीची जागा कुठून कुठं होती तेही कळत नव्हतं. नगराध्यक्षानं पडदा ओढला. टाळ्या. काळा चकचकीत फलक, त्याच्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळीनं नावं.

माझी पोरगी चौथीत. तिले वाचायचा भारी नाद. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, काही सोडत नाही. ती पुढं घुसली अन् बोट ठेवत वाचायले लागली. मग थांबली.

"आई, इथं माझं नाव आहे."

मी पाहिलं. कै. सुकवारो.

"आई, कै. म्हणजे काय?"

तिच्या मागं उभा असलेला एक माणूस चांगुलपणानं म्हणाला, "कैलासवासी. म्हणजे वारलेले, बाळा."

तिनं बोट असं काढून घेतलं जसं चटका बसला. माझ्या पोटाले चिकटली. म्हणाली, "मग माझं काऊन लिहिलं?"

अन् मग एकेक आवाज उठायले लागला. आमच्या मोहल्ल्यातली सगळी लेकरं तिथं होती. बुधराम स्वतःचं नाव वाचून राहिला होता. मंगली वाचून राहिली होती. ज्या नावांनी आम्ही सकाळी लेकरांले उठवलं होतं, ती सगळी नावं त्यांनी मेलेल्यांच्या यादीत कोरून ठेवली होती. बाया लेकरांले मागं ओढून राहिल्या होत्या, त्यांची तोंडं पदरात लपवून राहिल्या होत्या. मोरपिसं लावलेल्या पोरी उभ्याच राहिल्या. अन् माइकवर नगराध्यक्ष बोलून राहिला होता, की या नावांना आज अमरत्व मिळालं.

मावशीनं पुढं जाऊन आपला तळहात त्या नावावर झाकून धरला. हात काढीचना. म्हणाली, "माती आण."

मी मातीसाठी इकडंतिकडं पाहिलं. सगळीकडं गट्टू. माती फक्त एका जागी होती. शेठच्या बापाच्या छत्रीभोवती नवा वाफा केला होता, गुलाब लावले होते. मी धावत गेली अन् मूठ भरायले वाकली.

वाफ्याच्या कडेले दगड लावले होते. आडवे, एकाले एक भिडवून, चुना अन् गेरू मारून. एक पांढरा, एक लाल. माझ्या हाताखालचा लाल होता. गेरू पावसानं थोडा उतरला होता. त्याच्यातून पांढरी शीर दिसत होती.

माय होती ती.

जिवंत होती तेव्हा त्याच्या आंगणात पायानं धान फिरवलं. मेल्यावर त्याच्या गुलाबाले कुंपण म्हणून आडवी पडून होती. त्याच म्हाताऱ्याच्या पायथ्याशी.

माझ्या तोंडातून काय निघालं ते मले माहीत नाही. बाया म्हणतात की मी हाक मारली. मी बोटांनी माती उकरली, नखं तुटली, दगड मोकळा केला अन् उचलला. शिरेच्या बरोबर वरून जेसीबीच्या दाताचा ओरखडा गेला होता, लांबच लांब, आतून राखाडी. मी त्याले कडेवर घेतलं. मावशी धावत आली. ओरखडा पाहिला अन् थबकली.

"ठेव तो," ती म्हणाली. "लोखंड लागलं त्याले. आता तो दगड नाही राहिला बाई. आपण दरेकशाले जाऊ, दुसरा आणू."

मावशीचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तिच्याहून मोठं आमच्या घरात कोणी उरलं नाही. पण मी म्हटलं, "मावशी, दुसरा आणला तं तो साहेब खरा ठरते. दगडच आहे म्हणते ना तो? एक काढला, दुसरा ठेवला, काय फरक पडला? मले दुसरा नाही पाहिजे."

"रीत आहे."

"रीत मले माहीत आहे. पण मायले जन्मभर ए म्हटलं, ते लागलं तिले. उन्हाचं आंगण लागलं. टाचा फाटल्या. म्हणून आपण मायले टाकलं का? दुसरी माय आणली का?"

मावशीनं आपल्या पदरानं तो गेरू पुसायले सुरुवात केली. थुंकी लावून, घासून घासून. या वेळी मले लाज वाटली नाही. म्हणाली, "खाली नको ठेवू. चल."

जागा मी ओळखली. मागच्या भिंतीजवळचं पळसाचं झाड त्यांनी तोडलं नव्हतं, त्याच्यावरून. मी दगड धरून उभी राहिली अन् बायांनी हातानं गट्टू उचलले. नवेच होते, खाली वाळू होती, चटाचट निघाले. मंडपाचा एक बांबू कोणीतरी उपटून आणला. त्यानं खड्डा खणला. माझी पोरगी ओंजळीनं वाळू काढून राहिली होती.

मुख्याधिकारी साहेब आला, त्याच्या मागं ठेकेदार, त्याच्या मागं सुपरवायझर. माइक बंद झाला होता.

"हे काय चालवलं आहे? ही शासकीय मालमत्ता आहे. गुन्हा दाखल होईल. मी तुम्हाला सांगितलं होतं, ज्या दगडावर काही लिहिलेलं नाही..."

"आता लिहिलं आहे," मी म्हटलं. "पाहा ना. तुमच्याच जेसीबीनं लिहिलं. एवढं मोठं लिहिलं, की आंधळ्यालेही हातानं वाचता येईल."

तो ओरखड्याकडे पाहून राहिला. ठेकेदार म्हणाला, "अरे हटाओ यार इनको," अन् पुढं आला.

मी म्हटलं, "बूट काढ. मग जवळ ये."

तो थांबला. आजूबाजूले पाहिलं. सगळ्या बाया त्याच्या बुटांकडेच पाहून राहिल्या होत्या. काढले नाही त्यानं. पण पुढचं पाऊलही टाकलं नाही.

मी मायले खड्ड्यात उभं केलं. मावशीनं माती लोटली, हातानं दाबली. हळद नव्हती, तेल नव्हतं. मावशी गोंडीत बोलली, ते मी इथं सांगणार नाही, ते आमच्या घरातलं आहे. मग मी वळली अन् फलकाजवळ गेली. शेठच्या वाफ्यातली माती जाताजाता मुठीत घेतली होती. ती सुकवारोच्या नावावर थापली. कै. वर आधी. बाकीच्या बायांनी आपापल्या लेकरांची नावं झाकली. संध्याकाळपर्यंत अमरत्वाचा पार चिखल झाला होता. अन् वाफ्यातले बाकीचे दगड ज्याचे त्यानं ओळखले. कोणी शिरेवरून, कोणी खाचेवरून, कोणी नुसता हात फिरवून.

माझ्यावर केस आहे आता. शासकीय मालमत्तेचं नुकसान. सफाईचं काम गेलं ते गेलंच. फलक धुऊन काढला त्यांनी, आम्ही पुन्हा माती लावली. पुन्हा धुतला, पुन्हा लावली. आता कोणी धूत नाही. परवा नवी नोटीस आली. त्यात लिहिलं आहे की दगड स्वतःहून काढून घ्या, नाहीतर नगरपंचायत काढेल. पोरीनं मले ती मोठ्यानं वाचून दाखवली. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, याच्यात त्यांनी दगड लिहिलं. आजी नाही लिहिलं."

मी म्हटलं, लिहितील.

साहेबाले माझं एवढंच सांगणं आहे. या. जेसीबी घेऊन या, पोलीस घेऊन या, ठरावाचा कागद घेऊन या. काढायची ताकद तुमच्याजवळ आहे, मी नाही म्हणत नाही. आणखी एक ओरखडा पडेल. पण माझ्या हाती पुन्हा सब्बल द्यायची हिंमत करू नका, अन् मी नाल्यावर जाऊन नवा दगड शोधत बसेन अशी आशा ठेवू नका. मुरमात टाका, रोडच्या भरावात टाका, शेठच्या गुलाबाखाली गाडा. मी हुडकून आणीन. दुसरा नाही आणणार. तोच लावीन.